परिमिती : अंतराच्या सूत्राची राहून गेलेली पायरी

पुण्याच्या 'बालभारती'ने २०१८ साली इयत्ता दहावीचे 'गणित भाग २' प्रसिद्ध केले. त्यातील पाचवे प्रकरण निर्देशक भूमितीचे. प्रकरणाची मांडणी चांगली आहे. आधी अक्षांवरील बिंदू, मग अक्षांना समांतर रेषाखंड आणि शेवटी तिरपा रेषाखंड, अशा पायऱ्यांनी अंतराचे सूत्र येते. दुसऱ्या प्रकरणातील पायथागोरसच्या प्रमेयातूनच ते निघाल्यामुळे सूत्र आकाशातून पडल्यासारखे वाटत नाही. आमची तक्रार आहे ती सूत्र मिळाल्यानंतरच्या वाटचालीबद्दल.

सरावसंच ५.१ मधील दोन उदाहरणे पाहू. एकात (−४, −७), (−१, २), (८, ५) आणि (५, −४) हे समभुज चौकोनाचे शिरोबिंदू आहेत असे दाखवायचे आहे. विद्यार्थी सूत्र चार वेळा वापरतो, प्रत्येक बाजू √९० येते आणि उदाहरण संपते. चारही बाजू हाती आल्या, पण त्यांची बेरीज कोणी विचारत नाही. ४√९० म्हणजे १२√१०, सुमारे ३७.९५ एकक, एका ओळीचे काम! दुसऱ्यात (२, −२), (७, ३), (११, −१) आणि (६, −६) हा समांतरभुज चौकोन असल्याचे दाखवायचे आहे. बाजू ५√२ व ४√२ येतात, परिमिती १८√२. गंमत अशी की कर्ण काढले तर दोन्ही √८२ भरतात, म्हणजे हा चौकोन आयतच आहे. 'समांतरभुज' हा शब्द मिळाला की विद्यार्थी थांबतो. लांबी ही जणू ओळखपत्रापुरतीच काढायची असते, असा समज त्यातून होतो.

परिमिती विचारल्याने एक बेरीज वाढेल, एवढाच मुद्दा असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. परिमिती काढताना शिरोबिंदूंचा क्रम ठरवावाच लागतो, आणि तो संबोध अन्यथा निसटतो. (०, ०), (६, ०), (०, ८) आणि (२, २) हे चार बिंदू वर्गात द्या आणि 'चौकोनाची परिमिती काढा' एवढेच सांगा. चौथा बिंदू पहिल्या तिघांच्या त्रिकोणात आत पडतो. त्यामुळे बाजू एकमेकींना न छेदणारे तीन वेगळे चौकोन तयार होतात, आणि त्यांच्या परिमिती सुमारे २४.८०, २५.१५ व २५.३० येतात. तिन्ही उत्तरे बरोबर, प्रश्नच अपुरा! नुसत्या बिंदूंनी बहुभुजाकृती ठरत नाही, हे मुलांना यावरून जितके पटेल तितके व्याख्या पाठ करून पटणार नाही.

या गणिताचे खरे घर शेतात आहे. १८३५ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी महसुलासाठी जमिनीची मोजणी हाती घेतली. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीदाराची साधने साधी होती : ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी आणि काटकोन साधण्यासाठी शंकू. (३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा.) शेतातून एक सरळ रेषा धरायची आणि प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब घ्यायचा. रेषेवरचे अंतर हा क्ष-निर्देशक, लंबाची लांबी हा य-निर्देशक! आठवीच्या पुस्तकात भूखंडाचे क्षेत्रफळ काढताना हीच रेषा आणि हेच लंब येतात. दहावीत मात्र त्यांची आठवण कोणी काढत नाही.

समजा, अ पासून क पर्यंतची रेषा ५६ मीटर आहे. अ पासून २० मीटरवर डावीकडे १५ मीटर लंबावर ब, आणि ४० मीटरवर उजवीकडे ३० मीटर लंबावर ड आहे. म्हणजे अ (०, ०), ब (२०, १५), क (५६, ०), ड (४०, −३०). सूत्राने अब = २५, बक = ३९, कड = ३४ आणि डअ = ५० मीटर येतात. परिमिती १४८ मीटर. तारेचे तीन पदरी कुंपण करायचे तर ४४४ मीटर तार लागेल. बांधावर काटेरी झुडपे असोत की ओढा, बांधावरून साखळी न ओढता हा आकडा मिळाला.

उत्तराची पारखही येथे सहज होते. अ पासून क पर्यंत सरळ वाट सर्वांत जवळची, म्हणून परिमिती ११२ पेक्षा जास्तच हवी. प्रत्येक बाजूऐवजी आडवे व उभे चाललो तर २०२ मीटर चालावे लागते, म्हणून ती त्याहून कमी हवी. वजाबाकीतले चिन्ह चुकवून परिमिती १०० काढणारा विद्यार्थी स्वतःच थबकेल.

पेठेतल्या शाळेने शेत कोठून आणायचे? मैदान पुरे. दोरीला समान अंतरावर गाठी मारून ३, ४ व ५ भागांचा त्रिकोण ताणला की काटकोन साधतो. मैदानाच्या कडा एका गटाने टेपने मोजाव्यात, दुसऱ्याने निर्देशकांवरून काढाव्यात आणि दोन्ही बेरजा फळ्यावर शेजारी लिहाव्यात. एखादा हुशार विद्यार्थी मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश थेट सूत्रात घालू पाहील. त्याला थांबवून कारण विचारावे. पुण्याजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा सुमारे १०६ किलोमीटरचा असतो. दोन्ही अक्षांवर एकक सारखे असेल तरच सूत्र लागू पडते, ही अट पुस्तकातल्या आलेखकागदावर आपोआप पाळली जाते, म्हणून कधी जाणवतच नाही.

तासिका कमी आहेत आणि परीक्षा जवळ असते, ही अडचण आम्ही जाणतो. पण येथे नवे प्रकरण नको, नवे सूत्रही नको. सरावसंचातील चौकोनांच्या उदाहरणांखाली शिक्षकांनी आपल्या हाताने एवढेच लिहावे : 'क्रम सांगा, आकृती काढा, परिमिती काढा.' पुढच्या आवृत्तीत पुस्तकानेच हे विचारले, तर अधिक बरे.