वस्त्राचा उगम : एका प्रकल्पवहीच्या निमित्ताने

वाङ्मयविषयक पत्रिकेत वेशभूषेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कवितेतील प्रतिमा समोर आली की ती कोठून आली, तिच्यामागे कवीचे स्वतःचे पाहणे आहे की दुसऱ्याच्या पाहण्याची उसनवारी, हे आपण विचारतो. कापडावर साकारलेल्या प्रतिमेलाही हाच प्रश्न विचारता येतो. त्या प्रश्नाची निकड आम्हांस जाणवली ती एका प्रकल्पवहीमुळे.

सौसर तालुक्यातील एक विद्यार्थिनी नागपुरात फॅशन डिझाइनचे शिक्षण घेते. अखेरच्या वर्षाची आपली वही तिने मंडळातील काही जणांस पाहावयास दिली. वहीत तीन प्रकल्प आहेत : गोटमार, पोळा आणि अजिंठा. प्रत्येकाच्या आरंभी, ही मुले ज्याला मूडबोर्ड म्हणतात तो, चित्रे व कापडाचे तुकडे चिकटवलेला फलक आहे. रेखाटनाचा हात चांगला आहे, रंगांची जाणही आहे. तरीही वही मिटताना मनात एक अतृप्ती उरते. तिचे कारण शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रकल्प गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगड फेकले जातात. त्यात माणसे जखमी होतात, काही वर्षी प्राणही गेले आहेत. विद्यार्थिनीने पांढऱ्या कापडावर तांबडे शिंतोडे उडवले आहेत. परिणाम प्रथमदर्शनी ठसठशीत आहे. पण ज्या घरातला माणूस त्या पात्रातून परत आला नाही, त्या घरासमोर हा पोशाख घालून कोणी जाऊ शकेल काय, हा विचार येथे झालेला दिसत नाही. दूरच्या प्रेक्षकाला जे नाट्यमय वाटते तेवढेच तिने उचलले. गावच्या मुलीने गावाकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहावे, ही या प्रकल्पाची उणीव आहे.

पोळ्याचा प्रकल्प अधिक प्रसन्न आहे. बाशिंगे, बेगड, घुंगरमाळा यांचे रंग तिने नेमके टिपले आहेत. मात्र झुलीवरची नक्षी जशीच्या तशी जाकिटाच्या पाठीवर उतरवली आहे. झूल हे शिवलेले वस्त्र आहे. ती बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांस सारखी पडावी लागते, चालताना सरकून चालत नाही. ती कोण शिवते, किती थरांची असते, बंद कोठे येतात, याची एक ओळही वहीत नाही. नक्षी घेतली, घडण राहून गेली.

तिसऱ्या प्रकल्पाकडे वळताना भानू अथैया यांचे स्मरण अपरिहार्य ठरते, कारण त्याच्या फलकावर १९६६ सालच्या ‘आम्रपाली’ चित्रपटातील वैजयंतीमालेची छायाचित्रे आहेत. १९२९ मध्ये कोल्हापुरात राजोपाध्ये कुटुंबात जन्मलेल्या भानूताई मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकल्या, नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने करीत करीत चित्रपटाकडे वळल्या आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्करच्या मानकरी झाल्या. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१० मध्ये त्यांनी आपल्या कामावर ग्रंथ लिहिला. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला, हे सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने त्यावर आक्षेप घेता येईल. वैशालीची आम्रपाली ही बुद्धाची समकालीन; अजिंठ्याची बहुतेक प्रसिद्ध चित्रे त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळी रंगली. म्हणजे पुरावा म्हणून तो आधार लंगडा आहे. तरीही ती वेशभूषा टिकली, ती का? आमच्या मते भानूताईंनी चित्रांतील अलंकारांइतकेच वस्त्राच्या गाठीकडे, निऱ्यांच्या पडण्याकडे, कापड आणि देह यांच्यातील नात्याकडे पाहिले. चित्रकाराची शिस्त त्यांच्या कामी आली. त्यांचे पाहणे त्यांचे स्वतःचे होते.

आमच्या विद्यार्थिनीने अजिंठा पाहिलेला नाही. तिने भानूताईंचा अजिंठा पाहिला आहे, तोही छायाचित्रांतून. उगमापासून ती तीन पावले दूर उभी आहे. यातील विसंगती अशी की वाकाटक हे तिला मुळीच परके नाहीत. दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट खुद्द पांढुर्ण्यात सापडलेला असून वा. वि. मिराशींच्या वाकाटक-लेखसंग्रहात त्याचा समावेश आहे. ज्या काळाची प्रेरणा ती पडद्यावरून घेते, त्या काळाचा लेख तिच्याच मातीतून निघाला आहे. तिला हे शाळेत कोणी सांगितले नाही, आणि आमच्यासारख्या मंडळांनीही सांगितले नाही. हा दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही.

‘गांधी’मधील काम निराळ्या जातीचे आहे. तेथे उगम चित्रात नव्हता, एका माणसाच्या निर्णयात होता. बॅरिस्टरच्या सुटापासून १९२१ मध्ये मदुरेत स्वीकारलेल्या आखूड पंचापर्यंतचा प्रवास हा विचारांचा प्रवास आहे. वस्त्र का बदलले हे ज्याला कळले नाही, त्याला ते कसे बदलले हे दाखवता येणार नाही. साधेपणा रेखाटणे भरजरीपणाहून कठीण असते, हा धडा आम्हांस येथे मिळतो.

आणि नेमका हाच धडा वहीच्या एका कोपऱ्यात, लेखिकेच्या नकळत, गिरवलेला आहे. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने काढलेली कापूस वेचणारी एक बाई आहे. लुगड्यावर पुरुषी सदरा, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, डोक्याला घट्ट फडके, कमरेला जुन्या लुगड्याची झोळी. वाळलेल्या बोंडांची टोके हातांना ओरबाडतात म्हणून तो सदरा. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ती झोळी. वजन कोणत्या बाजूस ओढते, सदऱ्याची कड कोठे खोचली आहे, हे सारे चार रेषांत आले आहे. हे चित्र कोणाचे, असे आम्ही विचारले. “आईचं,” ती म्हणाली, “पण ते प्रकल्पात नाही. असं काय दाखवायचं?”

या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हे मराठी तालुके मध्यप्रदेशात राहिले. तेव्हापासून आपले जे आहे ते दाखवण्याजोगे नाही, अशी एक समजूत येथे मुरली आहे. भोपाळला आम्ही मराठी आणि पुण्याला आम्ही मध्यप्रदेशी. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आला; परंतु नकाशावर नाव उमटले म्हणून ही भीड आपोआप जाईल असे नाही. लोधीखेडा-सौसरचा हातमाग, कोष्ट्यांचे घर, कापसाचे शेत हे सारे तिच्या वाटेवर आहे. वहीत मात्र त्याला समास मिळाला.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. तो सदरा उद्या महागड्या कापडात शिवून ‘श्रमिक’ नावाने मिरवला गेला, तर गोटमारीच्या शिंतोड्यांत आणि त्याच्यात फरक उरणार नाही. प्रेरणा हे ऋण आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव, त्याच्या हाताची रीत आणि त्याची गरज यांची नोंद ठेवणे ही त्या ऋणाची पहिली फेड. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी विणकरांच्या वस्त्यांत राहून तेथील कारागिरीची नोंद करतात. ती पद्धत येथे कोणालाही, संस्थेची वाट न पाहता, स्वीकारता येईल.

वही आम्ही तिला परत केली तेव्हा एकच सूचना केली : मूडबोर्ड बाजूला ठेवून वेचणीच्या दिवसांत एक आठवडा आईबरोबर शेतात जावे, आणि तो सदरा कोणत्या शिवणीवर आधी विरतो ते लिहून आणावे. तिने मान डोलावली. पटले की नाही, हे पुढची वही सांगेल. पांढुर्ण्याच्या ताम्रपटाची माहिती तिच्यासारख्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र आमचे आहे, आणि त्यास आम्ही आधीच पुष्कळ उशीर केला आहे.