ओळख आधी, तिकीट नंतर

दिल्लीच्या मंडी हाउस चौकाला लागून असलेल्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे आणि दूरदर्शन भवनही आहे. कामानिमित्त दिल्लीला येणारी मराठी मंडळी पहिल्या इमारतीत उतरत आली. दुसऱ्या इमारतीत एके काळी देशभरातल्या मुलांचा रविवार ठरत असे. भारतीय अ‍ॅनिमेशनपट तिकीटबारीवर का आपटतो, याची चर्चा आपल्याकडे बजेट, संगणक आणि हॉलिवूडची सफाई यांभोवतीच फिरते. ती या दुसऱ्या इमारतीपासून सुरू व्हायला हवी. मुलाबाळांसह पाहायच्या अ‍ॅनिमेशनपटाचा गल्ला प्रदर्शनाच्या शुक्रवारी ठरतच नाही. तो त्याआधी कित्येक वर्षे घरच्या पडद्यावर ठरत गेलेला असतो. हाडामांसाच्या नटाला प्रेक्षक आधीच्या चित्रपटांतून, नाटकांतून, मालिकांतून ओळखत असतात. चितारलेल्या बिबट्याच्या किंवा पोपटाच्या मागे असे काहीच नसते. ती ओळख कुणीतरी आधी, सवडीने आणि बहुधा तोटा सोसून, करून द्यावी लागते. हे काम कुणाचे, हेच आपल्याकडे ठरलेले नाही.

दूरदर्शनने ते केले, पण आपण काय करतो आहोत याची त्याला फारशी जाणीव होती असे दिसत नाही. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा ‘एक, अनेक और एकता’ हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट घ्या. विजया मुळे आणि भीमसेन यांनी मिळून तो घडवला. संगीत वसंत देसाई यांचे आणि आवाज लहानग्या साधना सरगमचा. इतके मराठी हात लागूनही भाषा हिंदी, हे ओघाने आलेच. त्याचे एकही तिकीट कधी विकले गेले नाही, तरी दूरदर्शनच्या जोरावर वाढलेल्या पिढीला तो आजही तोंडपाठ आहे. पुढे १९९३ मध्ये जपानी ‘जंगल बुक’ मालिका हिंदीत आली. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. या ठेवीवर व्याज कुणी खाल्ले ते पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये डिस्नेने ‘द जंगल बुक’ आणला. त्यात मुलगा तेवढा खरा, बाकी वाघ, अस्वल, अजगर सगळे संगणकावर घडवलेले. भारतात तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिलला प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीच्या जाहिरातीसाठी डिस्नेने तेच दूरदर्शनचे गाणे पुन्हा करून घेतले आणि शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावले. तिकिटाचे पैसे देणारे आईबाप हे १९९३ सालची मुले आहेत, हा हिशेब त्यामागे होता. तोपर्यंत भारतात सर्वाधिक कमाई करणारा हॉलिवूडपट म्हणून त्याची नोंद झाली. ओळख सरकारी वाहिनीने करून दिली होती, वसुली मात्र परदेशी कंपनीने केली.

याच्या शेजारी ‘दिल्ली सफारी’ ठेवला की मुद्दा उघड होतो. निखिल अडवाणींचा हा चित्रपट पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्समध्ये तयार झाला. बोरिवलीच्या जंगलात बुलडोझर शिरतात, बिबट्याच्या पिल्लाचा बाप मारला जातो, आणि माणसाची भाषा येणाऱ्या पोपटाला पुढे घालून प्राणी दाद मागायला थेट दिल्लीच्या संसदेकडे निघतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला समजेल अशी ही गोष्ट, आणि विषयही पोकळ नव्हे. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तरीही चित्रपटगृहांत त्याचा निभाव लागला नाही. १९ ऑक्टोबर २०१२ हा प्रदर्शनाचा दिवस ‘स्टुडंट ऑफ द इयर’चाही होता, हे एक कारण आहेच. पण खरी गोम जाहिरातीत होती. पोस्टरवर आणि मुलाखतींत भर होता तो अक्षय खन्ना, गोविंदा, बोमन इराणी, ऊर्मिला मातोंडकर यांच्या आवाजांवर. ‘रोडसाइड रोमिओ’नेही २००८ मध्ये सैफ आणि करीना यांच्या नावांवर हाच डाव टाकला होता. सात वर्षांच्या मुलाला गोविंदाच्या आवाजाचे काय कौतुक असणार? आणि गोविंदाचा चाहता गोविंदा दिसतच नसेल तर पैसे का मोजेल? आवाज विकायला निघालेली जाहिरात मुलाला कळत नाही आणि मोठ्यांना पुरत नाही. युवी नावाचे ते पिल्लू वर्षभर आधी टीव्हीवर, वहीच्या वेष्टनावर, शाळेच्या डब्यावर दिसले असते, तर निदान मुलाने हट्ट धरला असता. या धंद्यात पहिले तिकीट हट्टावरच विकले जाते, आणि त्याच्यामागे घरातली आणखी तीन.

यावर नेहमीचा आक्षेप पुराणाचा. वि. ग. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ मध्ये कुठल्याही मालिकेच्या आधाराशिवाय चालला. ‘महावतार नरसिंह’ने तर २०२५ मध्ये सगळे अंदाज मोडले. २५ जुलैला, सुट्टीचा हंगाम नसताना, पहिल्या दिवशी दोन कोटींच्याही आत कमाई करून तो लागला, आणि माउथ पब्लिसिटीवर जगभरातून ३०० कोटींच्या पुढे गेला. मग घरच्या पडद्याची गरज काय? गरज आहेच, फक्त इथे ते काम देवळाने, कीर्तनाने, भिंतीवरच्या कॅलेंडरने आणि आजीने पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे. तेही दरवेळी पुरत नाही. अर्जुन काय अनोळखी होता? तरी डिस्ने आणि यूटीव्हीचा ‘अर्जुन: द वॉरियर प्रिन्स’ २०१२ मध्ये, त्या मानाने देखणा असूनही, कोमेजला. अर्जुनाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण हा अमुक चेहऱ्याचा, अमुक आवाजाचा अर्जुन कुणाच्याच घरचा नव्हता. ‘नरसिंह’च्या निर्मात्यांना हे उमगलेले दिसते. एकच चित्रपट न करता २०३७ पर्यंत सात चित्रपटांची मालिका त्यांनी आधीच जाहीर केली आहे. हा चित्रपट हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम भाषांत आला. मराठीचा विचार कुणी केला नाही, आणि आपणही फारशी कुरबुर केली नाही.

आपल्या घरातला पुरावा याहून बोलका आहे. २०१८ मध्ये शिवाजी महाराजांवर ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी अ‍ॅनिमेशनपट आला, आणि त्याच वर्षी दिग्पाल लांजेकरांचा ‘फर्जंद’ही. त्यातल्या एकाचे नाव आज क्वचितच कुणी काढते. दुसऱ्यातून ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ अशी रांग लागली आणि चिन्मय मांडलेकरांचा महाराजांचा चेहरा दर चित्रपटागणिक प्रेक्षकांच्या अंगवळणी पडत गेला. मराठी पालक मुलांवर पैसे खर्च करत नाहीत हे तर धादांत खोटे आहे. रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये वैभव मांगलेंची चेटकीण घेऊन रंगमंचावर परतले, तेव्हा हाउसफुल्लच्या पाट्या याच पालकांनी लावायला लावल्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून वर्तमानपत्रातून रोज सकाळी घरोघरी येत होता. दोन दशकांची, रोजची, चित्रातली ओळख! कुठल्याही स्टुडिओने हेवा करावा असे भांडवल. २०१२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तो मात्र खऱ्या मुलांना घेऊन, म्हणजे ज्या रेषेवर लोकांचा जीव जडला होता तीच बाजूला ठेवून. अशी संधी मराठीला पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही.

सरकारने पैसा ओतला की हे सुटेल, असे मानणाऱ्यांनी शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवैया बाघा बजैया’ आठवावा. बालचित्र समितीने, म्हणजे सरकारी पैशाने तो बनवला, २०१३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गेला, आणि भारतातल्या चित्रपटगृहात लागायला २०१९ उजाडले. तोवर ज्या मुलांसाठी तो होता ती मिसरूड फुटायच्या वयात आली होती. महाराष्ट्राने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. त्यातला भर गुंतवणूक आणि रोजगारावर आहे. ते वाईट नाही. पण पुण्या-मुंबईत कुशल कारागीर आधीच आहेत आणि परक्यांची पात्रे हलवण्यात त्यांची उमर जाते. कमतरता त्यांच्या स्वतःच्या पात्राची आहे.

ते पात्र घडवायला पुन्हा दूरदर्शनकडेच वळावे, तर सरकारी वाहिनी आता पाहतो कोण, हा प्रश्न रास्त आहे. मात्र २०२३ मध्ये ‘भारत हैं हम’ ही स्वातंत्र्यसैनिकांवरची अ‍ॅनिमेशन मालिका मराठीसह बारा भारतीय भाषांत दूरदर्शनवर आली, तशीच ती नेटफ्लिक्स आणि अ‍ॅमेझॉन प्राइमवरही गेली. म्हणजे वाट मोकळी आहे. अकरा-अकरा मिनिटांचे ५२ भाग काढूनही तिने चित्रपटगृहासाठी काही मागे ठेवले नाही, कारण दर भागात नवा वीर येतो, शिकवून जातो आणि परतत नाही. जपानी लोक उलटे करतात. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’चा चित्रपट भारतात लागला, तेव्हा पहाटेचे खेळ ठेवावे लागले. मालिका न पाहिलेल्याला त्यातले निम्मे कळणार नाही अशी ती गोष्ट होती, तरीही, किंबहुना म्हणूनच, गर्दी झाली. प्रसार भारतीकडे सह्याद्री वाहिनी आहे, २०२४ पासून ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच आहे. एका मराठी स्टुडिओला एकाच पात्राचे सात-सात मिनिटांचे भाग सलग तीन वर्षे काढू देणे, पात्राचे हक्क स्टुडिओकडेच ठेवणे, आणि ते भाग यूट्यूबसह सगळीकडे मोकळे सोडणे, एवढा करार कोपर्निकस मार्गावरून होण्यासारखा आहे. त्यानंतर येणाऱ्या चित्रपटासाठी वितरकाकडे शनिवार-रविवारच्या सकाळचे खेळ मागता येतील. आज त्याच मागणीला मराठी निर्मात्याला मिळतो तो मंगळवारी सकाळी साडेदहाचा खेळ, मुले शाळेत असताना.