बालाघाटाची चढण

घाट म्हटला की मराठी माणसाला सह्याद्रीच आठवतो. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी, माळशेज. मराठवाडा म्हणजे सपाट आणि रखरखीत, ही समजूत इतकी पक्की बसली आहे की धाराशिव जिल्ह्यात घाट आहेत म्हटले तर पुण्याकडचा माणूस आधी हसतो. बालाघाटाची रांग या जिल्ह्याच्या अंगावरून गेली आहे, आणि तिच्या कडेने चढणारे तुळजापूरचे नि रामलिंगचे घाट मी महाराष्ट्रातल्या फार रसाळ घाटांत धरतो.

उंचीच्या हिशेबात ते कुठेच बसणार नाहीत. नॉर्वेतला ट्रोलस्टीगेन 1936 मध्ये खुला झाला, त्याची अकरा वळणे पाहायला जगभरातून लोक येतात. तिथलाच सोग्नेफ्येल्लचा रस्ता 1434 मीटरपर्यंत चढतो. आपले सोलापूर साडेचारशे मीटरवर आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. मधला फरक दोनशे मीटरचा. पण घाटाची गोडी मोजपट्टीत नसते. एक मुलूख संपून दुसरा सुरू होतो तो सांधा घाटात दिसतो, आणि बालाघाटात तो फार स्वच्छ दिसतो. रामलिंगजवळच्या येडशीच्या परिसरात पडणारा पाऊसच बघा. पश्चिम उतारावरचा भोगावतीतून सीनेला, तिथून भीमेला आणि कृष्णेला जातो; पूर्वेकडचा तेरणेतून मांजरेला आणि गोदावरीला. एकाच ढगाचे पाणी, पण समुद्राला मिळेपर्यंत त्याची पुन्हा गाठ पडत नाही.

तुळजापूरच्या घाटाचा खरा रस पायी चालणाऱ्याला मिळतो, असे माझे ठाम मत आहे. मोटारीत तो गप्पांच्या भरात संपूनही जातो. सोलापूर सोडले, तामलवाडी मागे पडली की काळ्या रानापलीकडे समोर डोंगराची एक लांब आडवी रेघ उठते. मोटारीतल्या माणसाला ती पाहता पाहता येऊन भिडते. चालणाऱ्याला ती तासन्‌तास समोर दिसत राहते आणि जवळ काही येत नाही. आश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून आणि कर्नाटकाच्या सीमेकडून लाखो माणसे तुळजापूरला चालत निघतात, पुष्कळजण अनवाणी. सोलापूरपासूनचे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर रात्रभरात कापायचे. त्या दिवसांत या महामार्गावरची वाहने दुसरीकडे वळवतात आणि चौपदरी डांबरी सडक पायवाट होऊन जाते. पहाटेच्या सुमारास पाय भरून आलेले असतात आणि नेमकी तेव्हाच चढण लागते. कुणीतरी ‘आई राजा उदो उदो’ म्हणते, मागची पाच-पन्नास माणसे ते उचलतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कडेवर झोपलेले पोर, असा तो लोंढा वर सरकत राहतो. कडेला पिवळ्या फुलांचा तरवड असतो, वाळायला लागलेली कुसळी असते, टोपलीत सीताफळे घेऊन बसलेली बाई असते. चढ किती आहे ते इथे पोटऱ्या सांगतात. रस्त्याकडेच्या पाटीची गरज पडत नाही.

घाटाच्या माथ्याशी घाटशीळ आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने या शिळेवरून लंकेची वाट दाखवली, अशी कथा आहे. इथे उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. नुकतीच चढून आलेली सगळी सपाटी पायाखाली पसरलेली असते, आणि वाट दाखवण्याची कथा याच जागी का रुजली हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. ज्या देवीला माणसे इतके चालून येतात तिच्याबद्दलची ही आठवण वाट दाखवल्याची असावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आणि मग मंदिर. एवढा घाट चढून आलेल्या माणसाला देवी शेवटी खाली उतरायला लावते. महाद्वारातून आत गेले की पायऱ्या खाली जातात, कल्लोळ तीर्थ लागते, गोमुख तीर्थ लागते, आणखी पायऱ्या, आणि डोंगराच्या कुशीत गाभारा. देवदर्शनासाठी शेवटपर्यंत चढत जाण्याची आपल्याला सवय असते. इथे माथा गाठून झाल्यावर उतरायचे आहे. दमलेल्या पायांना तो उतार जे देतो ते मोटारीने दारापाशी उतरलेल्याला ठाऊक होणार नाही.

रामलिंगचा घाट वेगळ्या जातीचा. तो सायकलवाल्याचा. येडशीजवळ बालाघाटाला खोल घळ पडली आहे आणि तिच्या तळाशी महादेवाचे देऊळ आहे. माथ्यावरच्या रस्त्यावरून जाताना खाली एवढे रान आहे याचा पत्ताही लागत नाही. श्रावणात मात्र ओढ्याचा आवाज वरपर्यंत येतो. रावणाशी झुंजून जटायू पडला तो इथेच, आणि त्याला पाणी पाजायला रामाने बाण मारून झरा काढला, असे इथले लोक सांगतात. तुळजापुरात राम वाट विचारतो, येडशीत पाणी काढतो. वाट आणि पाणी: या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या लागलेल्या याच दोन गोष्टी त्याच्या कथांतही उतरल्या आहेत.

या घळीभोवतीचे रान 1997 पासून अभयारण्य आहे, सुमारे 22 चौरस किलोमीटरचे. फार छोटे. तरी डिसेंबर 2024 मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, आणि तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. चारशे किलोमीटरहून अधिक अंतर शेते, रस्ते, नद्या ओलांडत तो एकटा चालत आला होता. सगळा मराठवाडा पालथा घालून त्याने ही घळ निवडली. रामलिंगच्या रानाला याहून मोठी पावती कोण देणार?

याच रांगेवरच्या येरमाळ्याबद्दल थोडेच सांगतो. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक रानातून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. काळ्या मातीत हात घालून पांढरा खडा शोधणारी ती गर्दी पाहावी. पायाखालची जमीन बोटांनी वाचण्याचा असा सोहळा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पुढे वाशी-भूमच्या माथ्यावर पवनचक्क्या आणि कुंथलगिरीकडे खव्याच्या भट्ट्या. हा पट्टा मोटारीने जावा, भट्टीपाशी थांबत.

या डोंगरातून वाटा काढणे नवे नाही. जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे, आणि तिथले कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई, अशी नोंद आहे. तेरहून पैठणला जायचे तर बालाघाट ओलांडावाच लागतो. त्या गाड्यांच्या बैलांचा चढावरचा दम मला घाटात नेहमी आठवतो.

अशीच एक अलीकडची वाट हातची चालली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने 1897 मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीची ही छोटी लाईन 1907 पर्यंत बालाघाट चढून येडशीवरून तडवळ्याला पोचली आणि 1911 मध्ये लातूरला. 2008 मध्ये रुंदीकरण पुरे झाले तेव्हा नवा मार्ग धाराशिव शहरावरून नेला आणि जुन्या मार्गाचा काही भाग सुटला. नॉर्वेने बर्गन रेल्वेच्या बांधकामासाठी केलेला रस्ता, राल्लारवेगेन, सायकलींसाठी राखला. आज तो तिथल्या सर्वात आवडत्या सायकलवाटांपैकी आहे. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून तिची वाट सायकलीला आपसूकच मानवते. आपल्या छोट्या लाईनचा घाटातला जो भाग अजून शाबूत असेल तो झुडपांत आणि अतिक्रमणांत जाण्याआधी रेल्वेने आणि जिल्हा प्रशासनाने मोजून घ्यावा, वनखात्याच्या अटी पाळून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखावा. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचे कामही हाती घेतले आहे. ती गाडी धावू लागण्याआधी, येत्या आश्विनात, तुळजापूरचा घाट एकदा तरी पायी चढून या.