उपरोधप्रधान चित्रपटातील असंभाव्य मूलकल्पना

उपरोधप्रधान चित्रपटाविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ज्या कल्पनेवर सारे कथानक उभे आहे ती कल्पनाच घडण्यासारखी नसेल, तर त्या कथानकाने केलेली टीका प्रेक्षकाने गंभीरपणे का घ्यावी? निव्वळ प्रहसनाला हा प्रश्न विचारण्याचे प्रयोजन पडत नाही. तेथे हसू उमटले की कार्य साधते. उपरोध हा मात्र आरोप असतो, आणि आरोपाला पुरावा लागतो. खोट्या साक्षीवर उभारलेला खटला जसा टिकत नाही, तसा अशक्य प्रसंगावर उभारलेला उपरोधही टिकणार नाही, असा या आक्षेपाचा आशय आहे. तो वरवरचा नाही. म्हणूनच त्याची तपासणी अवश्य ठरते.

साहित्यशास्त्रात या प्रश्नाची काही पूर्वतयारी आढळते. पटणार नाही अशा शक्य गोष्टीपेक्षा पटेल अशी अशक्य गोष्ट कवीने पत्करावी, असा ॲरिस्टॉटलचा अभिप्राय आहे. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले आहे. घटना जगात घडते की नाही यापेक्षा ती कृतीच्या अंतर्गत व्यवस्थेत बसते की नाही, हे पाहण्याची दृष्टी या दोन्ही विचारांतून मिळते. परंतु उपरोधाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. कारण उपरोधाला कृतीबाहेरच्या जगाकडे बोट दाखवावयाचे असते. तेव्हा मूलकल्पनेतील असंभाव्यता उपरोधाच्या लक्ष्यावर प्रकाश टाकते, की त्या लक्ष्याला दोषमुक्त करते, हा या ठिकाणी खरा कसोटीचा मुद्दा होय.

स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) हा चित्रपट या कसोटीस विशेष उपयुक्त आहे. पीटर जॉर्ज यांच्या १९५८ मधील गंभीर कादंबरीवरून तो रचला गेला. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणे हा साम्यवाद्यांचा कट आहे, अशा भ्रमाने पछाडलेला रिपर नावाचा अमेरिकी सेनाधिकारी राष्ट्राध्यक्षांना न विचारता आपल्या विमानांना सोव्हिएत भूमीवर अणुहल्ल्याचा हुकूम देतो, ही त्याची मूलकल्पना. असे घडणे संभवत नाही, ही अमेरिकी हवाई दलाची भूमिका चित्रपटाच्या आरंभीच्या निवेदनातच नमूद केलेली आहे. म्हणजे आक्षेपकाचे म्हणणे चित्रपटाने प्रथमच पडद्यावर मांडून ठेवले आहे.

येथे आक्षेपाला अधिक तीव्र रूप देता येते. सर्वनाशाचे कारण जर एका माणसाचे वेड असेल, तर दोष त्या वेड्याचा; अण्वस्त्रनीतीचा नव्हे. वेड्याला वेळीच ओळखून दूर केले असते तर सारे सुरळीत चालले असते, असे म्हणून प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जाऊ शकेल. तसे झाल्यास मूलकल्पनेची असंभाव्यता उपरोधाला खरोखरच मारक ठरेल.

चित्रपटाची रचना पाहता मात्र हे समाधान प्रेक्षकाला मिळत नाही. रिपरच्या हुकुमानंतर जे घडते त्यातील बहुतेक सर्व नियमानुसार घडते. राजधानी नष्ट झाल्यास खालच्या अधिकाऱ्याला प्रतिहल्ला करता यावा, अशी योजना आधीच संमत झालेली आहे, आणि ती संमती खुद्द राष्ट्राध्यक्षांची आहे. शत्रूने खोटे हुकूम पाठवू नयेत म्हणून विमानांतील संदेशयंत्र सांकेतिक अक्षरांवाचून कोणताच संदेश स्वीकारीत नाही. त्यामुळे परतीचा खरा हुकूमही पोचत नाही. क्षेपणास्त्राच्या आघाताने एका विमानाचे संदेशयंत्र निकामी होते, हा योगायोग खरा. पण त्यानंतर त्या विमानातील वैमानिक धैर्य, कौशल्य आणि कर्तव्यनिष्ठा यांच्या बळावरच जगाचा अंत घडवितात. पलीकडे सोव्हिएत पक्षाचे प्रलययंत्र आपोआप चालणारे आहे, कारण थांबविता येणाऱ्या यंत्राचा धाक राहत नाही. यातील एकेक तरतूद स्वतंत्रपणे पाहिली तर शहाणपणाचीच वाटते. वेडेपणा केवळ पहिल्या हुकुमात आहे. विनाश शहाणपणाच्या तरतुदींनी पूर्ण होतो. यामुळे दोष व्यक्तीकडून व्यवस्थेकडे वळतो, आणि एका वेड्याच्या धक्क्याने कोसळणारी व्यवस्था मुळात सुरक्षित होती काय, हा प्रश्न प्रेक्षकापुढे उभा राहतो.

याच्या शेजारी जॅक आर्नल्ड यांचा ‘द माउस दॅट रोअर्ड’ (१९५९) ठेवल्यास भेद स्पष्ट होतो. दोहोंत पीटर सेलर्स यांच्या तीन भूमिका आहेत, आणि दोहोंचा विषय अण्वस्त्र हाच आहे. ग्रँड फेनविक नावाचे चिमुकले राज्य आर्थिक संकटात सापडते. अमेरिका पराभूत शत्रूला सढळ हाताने मदत करते, म्हणून हरण्याच्या हेतूने ते तिच्याशी युद्ध पुकारते. ही कल्पना असंभाव्य असली तरी अत्यंत मार्मिक आहे; दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मदतीच्या राजकारणावर ती नेमके बोट ठेवते. परंतु पुढे हवाई हल्ल्याच्या सरावामुळे न्यूयॉर्क ओस पडलेले असते, आणि त्याच वेळी धनुष्यबाण घेतलेल्या मूठभर सैनिकांच्या हाती महाभयंकर बाँब व त्याचा निर्माता लागतो. ओस शहरात उपहासाचा अंश आहे, असे मानता येईल. बाँब हाती लागणे हे निव्वळ दैव होय. पहिल्या असंभाव्यतेतून ते निष्पन्न होत नाही, आणि ज्या मदतनीतीचा उपहास चालला होता तिच्याशीही त्याचा संबंध नाही. परिणामी चित्रपट मनोरंजक राहतो, पण आरोप मध्येच सुटून जातो.

इतिहासाने पुढे क्युब्रिक यांची बाजू काही अंशी सावरली, हेही नोंदविले पाहिजे. विशिष्ट आणीबाणीत अण्वस्त्रे वापरण्याचा अधिकार आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत काही सेनापतींना आगाऊ देण्यात आला होता, हे शीतयुद्धानंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. १९८० नंतरच्या दशकात सोव्हिएत संघाने अंशतः स्वयंचलित अशी प्रतिहल्ल्याची यंत्रणाही उभारली. तथापि या पुराव्यावर चित्रपटाचे समर्थन आधारणे योग्य नव्हे. तसे केल्यास भविष्य खरे ठरले म्हणून कृती श्रेष्ठ, असा चुकीचा निकष स्वीकारावा लागेल. आणि ती कागदपत्रे उजेडात आली नसती तर उपरोध दुबळा ठरला असता, असेही मानावे लागेल.

सारांश, असंभाव्य मूलकल्पना हा उपरोधाचा स्वभावतः दोष नव्हे. प्रेक्षक आरंभी एक सवलत देतो. त्या सवलतीच्या मोबदल्यात पुढील प्रत्येक परिणाम लक्ष्याच्या खऱ्या स्वभावातून काढून दाखविणे हे दिग्दर्शकाचे ऋण असते. ते फेडले गेले तर अशक्य आरंभातूनही आरोप सिद्ध होतो. ऐन प्रसंगी दुसरी सवलत मागावी लागली, तर दोष पहिल्या कल्पनेच्या धाडसात नसून तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करण्याच्या असमर्थतेत शोधला पाहिजे.