साक्षीदार आणि कथाकार

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. पोलंडचे रिशार्ड कापुश्चिन्स्की (१९३२-२००७) यांनी मात्र बातमीदाराच्या वहीतून चिरकाल वाचले जाईल असे वाङ्मय निर्माण केले. त्यांच्या या कर्तृत्वाविषयी पूर्ण आदर बाळगूनही त्यातून उद्भवणाऱ्या एका प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्यांचा पहिला दूरदेशीचा प्रवास १९५६ साली झाला, तो आपल्या भारताचा. निघताना संपादिकेने हेरोडोटसच्या ग्रंथाचे पोलिश भाषांतर त्यांच्या हाती ठेवले. इंग्रजी जेमतेम येणारा हा तरुण येथे येऊन पार गोंधळला. त्या गोंधळाचे प्रांजळ वर्णन २००४ सालच्या ‘ट्रॅव्हल्स विथ हेरोडोटस’मध्ये आहे. १९६२ साली पोलंडच्या सरकारी वृत्तसंस्थेने त्यांना आफ्रिकेत धाडले. पैसा अपुरा, त्यात मलेरिया आणि क्षय. तरी ते गोरगरिबांच्या वस्तीत राहिले. तारेने पाठवायच्या मोजक्या ओळींत जी भीती, जो उकाडा, जी उपासमार मावत नसे, ती त्यांनी पुस्तकांत उतरवली. १९७५ साली पोर्तुगीज कुटुंबे लाकडी खोक्यांत संसार भरून लुआंडा सोडत होती, ते चित्र वसई-गोव्याच्या वाचकाला अंतर्मुख केल्यावाचून राहणार नाही.

त्यांची कीर्ती जगभर पोहोचवली ती ‘द एम्परर’ (१९७८) या पुस्तकाने. १९७४ साली पदच्युत झालेला इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी याच्या दरबाराची ही कहाणी जुन्या सेवकांच्या तोंडून येते. सम्राटाचा लाडका कुत्रा मानकऱ्यांच्या पादत्राणांवर लघवी करी आणि ती पुसण्यासाठी एक नोकर नेमलेला असे, हा त्यातील प्रसंग एकदा वाचला की विसरत नाही. पोलिश वाचकांनी या दरबारात आपल्याच कम्युनिस्ट राज्यकर्त्यांना ओळखले.

परंतु हे सारे घडले होते काय? सेवकांची नावे नाहीत, केवळ आद्याक्षरे आहेत. सम्राट वाचन करीत नसे, हे पुस्तकातील विधान जाणकारांनी खोडून काढले. २०१० साली आर्तुर दोमोस्वाव्स्की या त्यांच्याच स्नेह्याने चरित्र लिहिले. चे गव्हेरा व लुमुंबा यांच्याशी मैत्री असल्याचा जो मजकूर काही पुस्तकांच्या वेष्टनांवर छापला गेला होता, त्याला आधार नसल्याचे त्यात दाखवले आहे. लेखकाच्या पत्नीने न्यायालयात धाव घेतली, तरी ग्रंथ प्रसिद्ध झालाच.

त्यांचे चाहते म्हणतात, हे दृष्टांत आहेत. तपशिलापेक्षा आशय पाहावा. प्रभू येशूनेही दृष्टांत सांगितले, आणि चांगल्या शोमरोनी माणसाचे नावगाव आपण कधी विचारत नाही. हे खरे, पण तेथे ऐकणाऱ्याला आपण दृष्टांत ऐकत आहोत हे ठाऊक असते. वार्ताहर ‘मी तेथे होतो’ असे म्हणतो, तेव्हा तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. संत लूकने शुभवर्तमानाच्या आरंभीच आपण सर्व गोष्टींचा शोध घेतल्याचे नमूद केले आहे, ते उगाच नव्हे.

सेन्सॉरच्या राज्यात आडवळणाने बोलावे लागते, हेही आम्ही जाणतो. तथापि पोलंडच्या दुःखाला वाचा फोडताना इथिओपियाच्या माणसांचे चित्र विपर्यस्त झाले असेल, तर त्याची किंमत त्या माणसांनी मोजली. खोटी साक्ष न देण्याविषयीची आठवी आज्ञा शेजाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, आणि दूरदेशीचा माणूसही आपला शेजारीच आहे. खुद्द कापुश्चिन्स्की यांनी फादर युझेफ तिश्नर यांच्या चिंतनाचा आधार घेऊन ‘परक्या’ माणसाच्या प्रतिष्ठेविषयी व्याख्याने दिली होती. त्यांचेच माप त्यांना लावणे अन्यायाचे नाही.

म्हणून त्यांची पुस्तके टाकून द्यावीत असे आम्ही म्हणणार नाही. उपेक्षितांविषयीची त्यांची कळकळ अस्सल आहे. त्यांना जरूर वाचावे. मात्र इथिओपियाचा इतिहास हवा असल्यास दुसरा ग्रंथही जवळ ठेवावा. सत्तेच्या छायेत माणूस कसा लाचार होतो, हे समजून घेण्यासाठी ‘द एम्परर’ आहेच.