पितरांचा देव्हारा आणि आठ दिवसांची शिकवण

व्हिएतनामी माणसाचा धर्म कोणता, असे विचारले तर ग्रंथ तीन नावे सांगतात : बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियसचा मार्ग. परंतु त्याच्या घरात पाऊल टाकले की या तिन्हींच्या तळाशी असलेली श्रद्धा समोर येते. घरातील मानाच्या जागी पितरांचा देव्हारा असतो. तेथे उदबत्त्यांचे भांडे, दिवा, फळे आणि आईवडिलांच्या तसबिरी मांडलेल्या असतात. दरवर्षी चांद्र तिथीला मृताच्या नावाने पान वाढले जाते. 'तेत' या नववर्षाच्या सणाला पितरांना घरी येण्याचे आमंत्रण जाते व काही दिवसांनी त्यांना आदराने निरोप दिला जातो. मेलेला बाप या घरातून गेलेला नसतो. तो फक्त वडीलधाऱ्यांच्या वरच्या पायरीवर बसलेला असतो.

अशा घराला शुभवर्तमान कसे सांगावे? या प्रश्नाला दिलेले एक मोठे उत्तर म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू अलेक्झांडर द रोड्स यांचा धर्मशिक्षणग्रंथ. तो १६५१ साली रोममध्ये छापला गेला. लॅटिन व व्हिएतनामी अशा दोन स्तंभांत, स्नानसंस्काराची इच्छा धरणाऱ्यांसाठी, आठ दिवसांत विभागलेली ही शिकवण आहे. या ग्रंथाचे महत्त्व सर्वमान्य आहे. मला येथे त्याच्या एका थोर गुणाविषयी व त्या गुणातूनच उघड होणाऱ्या उणिवेविषयी लिहावयाचे आहे.

गुण भाषेचा आहे. फ्रान्सिस्को द पिना आदी पोर्तुगीज सहकाऱ्यांनी घातलेल्या पायावर रोड्स यांनी व्हिएतनामी बोली रोमन अक्षरांत बांधली. पूर्वेकडे जाताना १६१९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले. त्याच गोव्यात तीन वर्षांपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीतच छापले गेले होते. मराठीला स्वतःची लिपी होती. त्यामुळे आपल्याकडे रोमन अक्षरे पाहुणी ठरली. व्हिएतनामात मात्र तीच पुढे राष्ट्रलिपी झाली. पण लिपीहूनही महत्त्वाची गोष्ट शब्दाची. देवासाठी परका शब्द लादण्याऐवजी शेतकऱ्याच्या तोंडी असलेला आभाळासाठीचा देशी शब्द, 'त्रोय', घेऊन 'आभाळाचा थोर स्वामी' हे नाव रूढ करण्यात आले. व्हिएतनामी कॅथलिक आजही त्याच नावाने प्रार्थना करतो.

रोड्स यांची मांडणीही तितकीच मर्मग्राही आहे. पवित्र त्रैक्याचे रहस्य ते पहिल्याच दिवशी श्रोत्यापुढे ठेवीत नाहीत. आरंभ करतात तो तीन पायऱ्यांच्या पितृत्वाने : घरात बाप, राज्यात राजा आणि या दोघांच्या वर आभाळाचा व धरतीचा स्वामी. घरच्या बापाला मान देणे योग्य, तर सर्वांच्या पित्याला किती मान द्यावा! व्हिएतनामी माणसाला आणखी काही पटवावे लागत नाही. मातृपितृभक्ती त्याच्या रक्तातच आहे. ग्रंथकार तिचीच शिडी करून त्याला वर नेतो.

आणि इथेच उणीव दिसते. ज्या शिडीने श्रोता वर चढला, तिची एक पायरी ग्रंथकार काढून घेतो. चौथ्या दिवशी मूर्तिपूजेचे खंडन सुरू होते. बुद्ध, ताओपंथ यांच्यावर कठोर प्रहार होतात आणि त्या ओघात मृतांसाठी कागदी वस्त्रे व कागदी पैसा जाळण्याच्या चालीचीही खिल्ली उडविली जाते. गंमत अशी की, मृतांचा असा आदर करणारे राष्ट्र क्वचितच असेल, अशा आशयाची प्रशंसा हेच रोड्स आपल्या टोंकिनच्या इतिहासात करतात! निरीक्षक रोड्स यांना जे दिसले ते शिक्षक रोड्स यांना वापरता आले नाही. जिवंत बाप देवाकडे नेणारी वाट ठरला, मृत बाप मात्र संशयित झाला.

त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. मृतात्मे अन्न खातात, रुसले तर घरावर संकट आणतात, ही समजूत ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही. दैवताची उपासना आणि वडिलांविषयीचा आदर यांत भेद करणे हे धर्मशिक्षकाचे कर्तव्यच होते. दोष भेद करण्यात नव्हता. भेद केल्यानंतर जे शुद्ध उरले त्याला घरात जागा न देण्यात होता.

ही जागा मिळण्यास तीन शतके लागली. १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी चिनी विधींवर अंतिम बंदी घातली आणि तिची छाया व्हिएतनामवरही पडली. 'पूर्वजांना टाकणारा पंथ' हा आरोप ख्रिस्ती माणसाच्या कपाळी बसला. मिन्ह मांग राजाने १८३३ मध्ये धर्मावर बंदी घातली. तीमागे राजकीय भयही होते, परंतु या आरोपाने ती लोकांच्या गळी उतरविणे सोपे झाले. ज्या ११७ हुतात्म्यांना १९८८ साली संतपद मिळाले, त्यांतील अनेक आपल्या आईबापांची उत्तम लेकरे होती, याची आठवण ठेवावी. अखेर १९६४ साली रोमने अनुमती दिली. आता कित्येक कॅथलिक घरांत क्रूसाच्या खाली पितरांचा देव्हारा असतो आणि तेतच्या दुसऱ्या दिवशीचा मिस्साबली पूर्वजांसाठी अर्पण केला जातो.

माझ्या मते हा निर्णय म्हणजे रोड्स यांच्या ग्रंथाचे खंडन नव्हे, त्याची पूर्ती होय. ग्रंथाच्या पहिल्या दिवसाने जे वचन दिले होते, ते चौथा दिवस विसरला. चर्चने ते पुन्हा स्मरले. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' या आज्ञेला मृत्यूची मर्यादा घातलेली नाही. नोव्हेंबरमध्ये कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगावे लागू नये. शुभवर्तमान घेऊन परक्याच्या घरी जाणाऱ्याने मात्र आत शिरताना प्रथम पाहावे, की या घरात मान कुणाला दिला जातो.