रसिकाची तक्रार

स्वीडनमधील ‘ओपेथ’ या प्रोग्रेसिव्ह मेटल वाद्यवृंदाची ‘हेरिटेज’ ही ध्वनिमुद्रिका २०११ साली प्रसिद्ध झाली आणि श्रोत्यांत दोन तट पडले. गायक मिकाएल ओकरफेल्ट यांनी तीत पूर्वीची घोगरी गर्जना वर्ज्य केली होती. कोणास ही प्रगल्भता वाटली, कोणास प्रतारणा. दुसऱ्या पक्षास हटवादी ठरविणे सोपे आहे. परंतु त्याची तक्रार केवळ सवयीची नव्हती. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये (२००१) गर्जनेनंतरचा कोमल स्वर अधिक कोमल भासतो, तो विरोधामुळेच. ‘हेरिटेज’चे धूसर, उदास वातावरण मोहक खरे, पण तेथे हा विरोध उणावला आहे. २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये गर्जना परतली. नवी वाट धरण्याचा अधिकार कलावंताचा. त्या वाटेवर काय हरवले, हे सांगण्याचा अधिकार मात्र रसिकाचाही आहे.